डोक्याला ताप, व्हाया देवळाली

यूकेच्या क्लायंटबरोबर संध्याकाळचा कॉल चालू आहे. पलीकडून आवाज येतो, ‘सॉरी गाइज, आमचा सर्व्हर सकाळपासून डूलॅली झालाय!’ आपण सगळे समजल्यासारखे हसतो. मग म्यूट दाबून शेजारच्याला विचारतो, ‘काय झालाय म्हणे?’ तोही खांदे उडवतो. आणि टीममध्ये एखादा नाशिककर असेल, तर त्याच्याही लक्षात येत नाही की क्लायंटनं आत्ता त्याच्या गावाशेजारच्या कॅम्पाचं नाव घेतलं!

हो, डूलॅली म्हणजे आपली देवळालीच. नाशिकरोडच्या अलीकडचं स्टेशन.

आधी स्पेलिंग. डी, डबल ओ, एल, ए, डबल एल, वाय. कुठला एल एकदा आणि कुठला दोनदा, यात भल्याभल्या इंग्रजांची गडबड होते. आपली होऊ नये. देवळालीतल्या ‘ळ’ला एक एल आणि ‘ल’ला दोन, एवढं लक्षात ठेवलं की झालं. (‘ळ’वर अन्याय झालाय खरा, पण तो इंग्रजीत नेहमीच होतो.) अर्थ म्हणाल तर डोकं फिरलेला, सटकलेला. माणसासाठी चालतो, तसाच कॉम्प्युटर, प्रिंटर आणि हवामानासाठीही चालतो. सहसा ‘गो’ या क्रियापदाबरोबर येतो. म्हणजे माणूस डूलॅली ‘जातो’. शब्द पक्का ब्रिटिश आहे. अमेरिकन बॉसपुढे वापरलात तर तोच तुमच्याकडे संशयानं बघेल.

खरी गंमत पुढे आहे. मूळ शब्द एकटा नव्हता, त्याला शेपूट होतं. ब्रिटिश सोल्जर म्हणायचे ‘डूलॅली टॅप’. त्यातला टॅप म्हणजे नळ नव्हे, की दारावरची टकटक नव्हे. तो आपला ‘ताप’! अंगात भरतो तो. देवळालीचा ताप लागला, म्हणजे माणूस कामातून गेला. पुढे इंग्लंडमध्ये ताप कुणाला कळेना, तेव्हा तो गळून पडला आणि नुसती देवळाली उरली. मराठी माणसाला मात्र यात काही समजावून सांगावं लागत नाही. ‘डोक्याला ताप’ आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो.

पण हा ताप देवळालीलाच का चिकटला?

१८६०च्या दशकापासून देवळालीत ब्रिटिश फौजेचा ट्रान्झिट कॅम्प होता. विलायतेहून बोटीनं मुंबईत उतरलेले सोल्जर रेल्वेनं इथे यायचे आणि इथून देशभरच्या पलटणींत वाटले जायचे. परतीचा रस्ताही हाच. नोकरीची मुदत संपली की माणूस पेशावर असो की मद्रास, देवळालीला यायचा आणि बोटीची वाट बघायचा. घोळ इथेच होता. सैन्याच्या बोटी सुटायच्या त्या साधारण थंडीच्या मोसमात, मार्चपर्यंत. शेवटची बोट चुकली, की पुढचा मोसम येईपर्यंत बसा!

बसा म्हणजे अक्षरशः बसा. फ्रँक रिचर्ड्स नावाचा एक साधा सोल्जर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात होता. त्यानं १९३६ साली ‘ओल्ड सोल्जर साहिब’ या पुस्तकात या कॅम्पाबद्दल लिहिलंय. मुदत संपलेल्यांकडे ना हत्यार, ना ड्युटी. अधूनमधून सामानाची तपासणी, कधीतरी एखादा रूट मार्च, बाकी दिवस मोकळा. वर्षानुवर्षं ज्यांच्या नावावर एक डाग नव्हता, असे लोक इथे येऊन काहीतरी भलतंच करून बसायचे आणि घरी जाण्याऐवजी तुरुंगात जायचे. कुणी गुप्तरोग घेऊन इस्पितळात पडायचा. ‘डूलॅली टॅप’ हा वाक्प्रचार या रिकामपणातून आला असावा, असं रिचर्ड्सला वाटतं.

कॅम्पात वेड्यांचं इस्पितळ होतं म्हणून हा शब्द आला, किंवा उन्हानं सोल्जरांची डोकी फिरायची म्हणून आला, अशाही गोष्टी सांगतात. मला रिचर्ड्सचं म्हणणं जास्त पटतं. एक तर तो स्वतः त्या फौजेतला. आणि ऊनच कारण असतं तर हा मान नागपूरला मिळाला असता! समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास असलेल्या देवळालीच्या वाट्याला तो कशाला आला असता?

खरं तर ज्यानं कधी ‘बेंच’वर दिवस काढलेत, त्याला हे सांगायलाच नको. प्रोजेक्ट संपलाय, नवा मिळत नाही, व्हिसा अडकलाय. पगार वेळेवर जमा होतोय, कॅन्टीनचा चहा आहे, कुणी रागावत नाही. पहिला आठवडा मजेत जातो. तिसऱ्या आठवड्यात माणूस दर दहा मिनिटांनी मेलबॉक्स रिफ्रेश करायला लागतो आणि दुसऱ्या महिन्यात एसीच्या तापमानावरून शेजारच्याशी भांडतो. आणि आपण तर संध्याकाळी घरी जातो. त्या बिचाऱ्यांचं घर सहा हजार मैलांवर होतं, बोट कधी सुटणार ते ठरवणारा कुणीतरी तिसराच, आणि फोन नाही की काही नाही.

सोल्जर अखेर घरी पोचले ते शब्दांची गाठोडी घेऊन. आरामाच्या नोकरीसाठीचा ‘कुशी’ हा खुशीतून आला, एक नजर टाकण्यासाठीचा ‘डेको’ देखोतून, आणि मायदेशासाठीचा ‘ब्लायटी’ चक्क विलायतीतून. त्यांच्यात डूलॅलीही होता. फक्त बाकीचे शब्द कुणाच्या गावाचं नाव खराब करत नाहीत.

कारण मुंबईकरांना विचारा, देवळाली म्हणजे काय? हवापालट! आजारातून उठलेल्याला डॉक्टर जिथे पाठवायचे ती जागा. पारशी आणि गुजराती कुटुंबांनी इथे बंगले बांधले, सॅनेटोरियमं उभारली. मोकळी हवा, दाट झाडी, दुपारची झोप. शेजारी भगूर, सावरकरांचं जन्मगाव. लष्करही गेलेलं नाही. तोफखान्याचं प्रशिक्षण देणारं स्कूल ऑफ आर्टिलरी इथेच आहे. म्हणजे ज्या गावात आपण डोकं शांत करायला जायचो, त्याच गावाच्या नावानं इंग्रजी डिक्शनरीत डोकं फिरतं!

इंग्रजांनी देवळालीला टीव्हीवरही नेलं. बीबीसीची ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ ही विनोदी मालिका १९७४ ते १९८१ चालली. सुरुवातीच्या भागांची कथा देवळालीच्या कॅम्पातली होती आणि लेखकांपैकी जिमी पेरी तिथे स्वतः राहिलेला. शूटिंग मात्र इंग्लंडमध्ये, आणि रंगी राम हा बेअरर तोंडाला रंग फासलेला गोरा नट. आज ते बघवत नाही.

आपल्याकडे हा शब्द परत आला तो बिअरच्या ग्लासातून. २००९ साली पुण्यात ‘डूलॅली’ नावाची मायक्रोब्रुअरी सुरू झाली. पुढे मुंबईत तिचे टॅपरूम निघाले. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी गळून पडलेला ‘टॅप’ पुन्हा डूलॅलीच्या मागे येऊन बसला. या वेळी खरोखरचा नळ होऊन!

तेव्हा पुढच्या कॉलवर कुणी डूलॅली म्हणालं, तर म्यूट काढा आणि सांगा, की ती जागा मुंबईहून रेल्वेनं साधारण १८० किलोमीटरवर आहे, हवा छान आहे, आणि उच्चार देवळाली असा आहे. त्याला ‘ळ’ म्हणायला लावा. सर्व्हर सुरू होईपर्यंत तेवढाच टाइमपास.