मुळशी खोऱ्यातील साधी लाकडी पेटी: एका शतकाचा मागोवा

वाड्यांचे नक्षीदार दरवाजे आणि कोरीव खांब संग्रहालयांत जाऊन पोचले, त्यांची छायाचित्रे निघाली, त्यांवर लेखही आले. परंतु मावळातल्या कौलारू घराच्या माजघरात किंवा निजायच्या खोलीत, भिंतीपासून चार बोटे सोडून जी साधी, बिननक्षीची लाकडी पेटी पिढ्यानपिढ्या उभी असे, तिची दखल त्या मानाने फारच थोड्यांनी घेतली. लुगडी, घोंगड्या, लग्नातली शालजोडी, चांदीचे दोन दागिने आणि तळाशी फडक्यात बांधलेले दस्तऐवज, एवढा एका कुटुंबाचा सारा ऐवज तिच्या पोटात मावत असे.

अशी पेटी ज्या व्यवस्थेतून निर्माण होई, तिचे चित्र त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 सालच्या ‘गावगाडा’ ग्रंथात सापडते. नांगर, कुळव, पाभर यांची दुरुस्ती सुताराच्या बलुत्यात मोडे. पेटीसारख्या घरकामाची मजुरी मात्र निराळी ठरे. सुतार गावचाच, लाकूडही बहुधा गावच्याच शिवारातले असे, आणि म्हणून ते केव्हा तोडले, किती पावसाळे पडवीत पडून राहिले, हे करणाऱ्याला व करवून घेणाऱ्याला सारखेच ठाऊक असे. झाडाविषयीचा हा विवेक या प्रांतात जुना आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडण्याची जी शिस्त घालून दिली आहे, तीत रयतेच्या आंब्या-फणसाला तिच्या राजीखुशीवाचून हात लावू नये अशी स्पष्ट ताकीद आहे. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, हे त्याचे कारण.

या व्यवस्थेला पहिला जबर धक्का बसला तो मुळशीच्या धरणाने. मुळा आणि निळा या नद्यांचे पाणी अडवून ते घाटाखाली भिऱ्याला नेण्याची व तेथील विजेवर मुंबईच्या गिरण्या चालविण्याची टाटा कंपनीची योजना आली, आणि 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, पांडुरंग महादेव बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह मांडला. बापटांना ‘सेनापती’ हे नाव याच लढ्याने दिले. 1924 पर्यंत लढा संपला, भूसंपादन झाले आणि सुमारे पन्नास गावांच्या जमिनी गेल्या. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाचा इतिहास लिहिताना दाखविले आहे की, पुष्कळशी जमीन पुण्यातल्या सावकारांच्या कब्जात असल्यामुळे मोबदल्याची रक्कम कसणाऱ्याच्या हाती पुरती पडलीच नाही. पेटीच्या तळाशी कर्जखते आणि कबुलायती का जपून ठेवलेल्या असत, हे मला त्या पुस्तकाने नीट उमगले.

पुढची हकिगत झपाट्याने सांगता येते. 1927 च्या वनकायद्याने आणि पुढे 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याने साग, ऐन, किंजळ, जांभूळ, फणस यांना हात लावण्यापूर्वी सरकारी परवाना आवश्यक केला; जंगल राखण्यासाठी ते इष्टच होते. त्याच काळात पत्र्याची ट्रंक आली, मग लोखंडी कपाट, मग प्लायवूड. हिंजवडी आणि बावधन या मुळशी तालुक्यातल्याच गावांत आता सामान ठेवण्याची जागा पलंगाच्या पोटात असते.

अलीकडे मी पौडच्या बाजूला एका सुताराकडून पडक्या घराच्या सागवानी तुळईची पेटी करवून घेतली. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. फळी पाऊण इंचाची. तुळई वरून राखाडी आणि चिरा पडलेली. पण जुने खिळे उपटून रंधा फिरवताच आतला तेलकट, तांबूस-पिवळा गाभा उघडा पडला. कडेचा पांढुरका भाग त्यांनी निर्दयपणे कापून टाकला, कारण वाळवी शिरते ती तेथूनच. ताम्हिणीच्या माथ्यावर वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. त्या दमट हवेत फळी लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र वाढते, दीड फुटांत काही मिलिमीटर. चारही बाजूंच्या फळ्यांचे रेशे आडवेच ठेवले, म्हणजे त्या एकत्र फुगतात व एकत्र आवळतात. त्यांच्या कोपऱ्यांना दात पाडून, ते एकमेकांत बसवून सरस लावला. तळाच्या फळीला मात्र सरसाचा थेंबही लावला नाही. ती खोबणीत मोकळी सरकवून दोन्ही अंगांना फट राखली. झाकणाच्या आडपट्ट्यांची भोके स्क्रूच्या मापापेक्षा लांबट पाडली. पेटी वैशाखात करावयाची तर फट जास्त ठेवावयाची, श्रावणात करावयाची तर कमी, हा त्यांचा हिशेब कोणत्याही कोष्टकात पाहिलेला नव्हता. खाली तीन इंचांचे पाय, वर कडी-कोयंडा, आत वेखंडाचे तुकडे. पॉलिश नाही, केवळ जवसाचे तेल.

17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसायांमध्ये सुतारकाम आहे, आणि अवजारांसाठी 15,000 रुपयांची तरतूदही आहे. ती मला मनापासून स्वागतार्ह वाटते. मात्र ज्या वखारींत मी चौकशी केली तेथे वाळलेले म्हणून दाखविलेले लाकूड ओलसर लागले. रंधा, पटाशी, करवत उत्तम मिळूनही फळी ओली असेल, तर पेटी पहिल्याच उन्हाळ्यात उकलते. उंच जोत्याची, चोहोबाजूंनी वारा खेळणारी एक शेड, फळ्यांच्या थरांमध्ये घालावयाच्या पट्ट्या, प्रत्येक राशीवर कापणीची तारीख आणि विक्रीपूर्वी निदान एक वर्षाचा धीर, एवढी सोय पौडला किंवा पिरंगुटला एखाद्या सहकारी संस्थेने केली, तर या तालुक्यातले सुतार पुन्हा पेट्या करू लागतील, असे मला खात्रीने वाटते.