समुद्रफेस कोणाचा?

आचोळ्याहून नालासोपारा स्टेशन ओलांडून पश्चिमेकडे गेलात, की कळंब आणि राजोडीचे किनारे लागतात. तेथे भरतीच्या रेषेवर कधी कधी पांढरी, होडीच्या आकाराची आणि अगदी हलकी अशी एक वस्तू सापडते. एक बाजू कठीण, तर दुसरी इतकी मऊ की नखानेही चरा पडावा. हा समुद्रफेस. पिंजऱ्यातील पोपटाला चोच घासायला तो देतात आणि आयुर्वेदात ‘समुद्रफेन’ म्हणून वापरतात. नावावरून वाटते, की समुद्राचा फेसच वाळून घट्ट झाला असावा.

तुम्ही स्वतः पडताळून पाहा. समुद्रफेसाचा तुकडा मोडून भिंगातून बघा. एकावर एक रचलेले पातळ थर आणि त्यांच्यामधले बारीक कप्पे दिसतील. तुकडा पाण्यात टाका, तो तरंगेल. त्यावर लिंबाचा रस पिळा, बुडबुडे येतील. आम्लामुळे कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, म्हणजे हा पदार्थ कॅल्शियम कार्बोनेट आहे. शंखशिंपले याच पदार्थाचे असतात. समुद्रफेस हेही एका मृदुकाय प्राण्याचे कवचच आहे. फक्त ते शरीराच्या आत असते!

हा प्राणी म्हणजे सेपिया, अर्थात कटलफिश. नाव ‘फिश’ असले तरी तो मासा नव्हे. सेपिया, स्क्विड आणि ऑक्टोपस हे तिघेही शीर्षपाद वर्गातले, म्हणजे गोगलगाय आणि कालव यांचे नातलग. मासळीबाजारात सेपिया व स्क्विड या दोघांनाही माकूल म्हणतात. नळीसारख्या शरीराच्या स्क्विडला नळ माकूल असेही नाव आहे.

या वर्गाच्या प्राचीन पूर्वजांना बाहेरून कवच होते. नॉटिलस या त्यांच्या नातलगाला ते आजही आहे. मग या तिघांच्या कवचाचे काय झाले? सेपियाने ते पाठीत घेतले. त्यातील कप्प्यांत पाणी व वायू यांचे प्रमाण कमीजास्त करून तो पाण्यात वर-खाली होतो. स्क्विडच्या शरीरात पारदर्शक, पिसासारखी पातळ पट्टी उरली आहे. ऑक्टोपसजवळ तर बहुधा काहीच उरले नाही. म्हणूनच तो आपली चोच जाईल एवढ्या फटीतून सबंध शरीर बाहेर काढू शकतो.

कवच गेल्याने वेग आला, पण संरक्षण गेले. मऊ मांसाचा गोळा कोणाला नको असतो? मग बचावाच्या नव्या युक्त्या आल्या. शरीराभोवतीच्या प्रावारात पाणी घ्यायचे आणि नरसाळ्यातून जोराने बाहेर फेकायचे, की प्राणी उलट दिशेला झेपावतो. अग्निबाणाचे तत्त्व हेच. शत्रू फारच जवळ आला, तर शाईचा ढग सोडायचा. सेपियाच्या या शाईपासून पूर्वी तपकिरी रंग करीत. त्या रंगाला आजही सेपियाच म्हणतात.

सर्वांत नवलाची युक्ती रंगाची. त्वचेतील प्रत्येक रंगपेशीत रंगाची एक लवचीक पिशवी असते आणि तिच्याभोवती सूक्ष्म स्नायू असतात. स्नायू आखडले, की पिशवी ताणली जाऊन रंगाचा ठिपका मोठा होतो. सैल पडले, की तो आकसतो. या स्नायूंना मज्जातंतूंकडून थेट आज्ञा मिळते. त्यामुळे एका सेकंदाच्या आतसुद्धा प्राण्याचा रंग पालटतो. गंमत म्हणजे, यांतील बहुतेक जातींच्या डोळ्यांत एकच दृष्टिरंगद्रव्य असते, म्हणजे आपल्यासारखे रंग त्यांना वेगळे ओळखता येत नसावेत. तरीही ते भोवतालचा रंग इतका हुबेहूब कसा उचलतात, हे कोडे शास्त्रज्ञ अजून सोडवीत आहेत.

ही कला पाहावी ती प्रवाळभित्तीवर. तेथे पिवळे, तांबडे, खडबडीत, गुळगुळीत असे सर्व काही हातभर अंतरात असते. लक्षद्वीपच्या भित्तींवर दिवसा शिकार करणारा ऑक्टोपस रंगाबरोबर त्वचेला उंचवटे आणून दगडासारखा दिसू लागतो. मग वसईला अशा भित्ती का नाहीत? प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात आणि त्यांना सूर्यप्रकाश लागतो. वसईच्या उत्तरेस वैतरणा आणि दक्षिणेस उल्हास नदीची खाडी गाळ आणून समुद्र गढूळ करतात. महाराष्ट्रात प्रवाळ पाहायचे तर मालवणला जावे. तेथे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात 1987 साली सागरी अभयारण्य घोषित झाले.

एवढी हुशारी असूनही या प्राण्यांचे आयुष्य फार थोडे. बहुतेक जाती एक-दोन वर्षेच जगतात, एकाच हंगामात वीण घालतात आणि मरतात. ऑक्टोपसची मादी तर अन्न सोडून अंडी राखते आणि पिले बाहेर येण्याच्या सुमारास प्राण सोडते. सेपिया द्राक्षांच्या घडांसारखी अंडी पाण्यातील काटक्यांना चिकटवतो. ही सवय ओळखून कर्नाटक व गोव्याच्या किनाऱ्याजवळ नारळाचे सुके तुरे पाण्यात बांधून ठेवण्याची पद्धत निघाली. अंडी घालायला आलेले सेपिया तेथेच पकडले जातात.

यात धोका कोणता? पुष्कळ माशांच्या समुद्रात एकाच वेळी अनेक पिढ्या असतात. एका वर्षाचे नुकसान दुसऱ्या वर्षी थोडेफार भरून निघते. सेपियाच्या बाबतीत मात्र यंदाचे आईबाप आणि पुढच्या वर्षीची सारी मासळी यांत अंड्यांचाच काय तो दुवा असतो. महाराष्ट्रात जून-जुलैमध्ये यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. पण सेपियाची वीण तेवढ्या दोन महिन्यांपुरती नसते. शत्रूच्या डोळ्यांना फसवणारा हा प्राणी जाळ्याला फसवू शकत नाही. अंडी घालून होईपर्यंत त्याला सवड देणे आपल्याच हाती आहे.