मॅन्डन ग्रामजीवनाची चित्रे : एक साधनविचार

मिसुरी नदीच्या वरच्या खोऱ्यात, आजच्या उत्तर डाकोटा राज्यात, मॅन्डन लोकांची गावे नदीकाठच्या उंच दरडीवर वसलेली असत. घुमटाकार मातीची घरे, मका, घेवडा व भोपळा यांची शेती आणि कातड्याच्या वाटोळ्या नावा ही या ग्रामजीवनाची ठळक लक्षणे होत. घरे व शेते स्त्रियांच्या मालकीची असत. फोर्ट क्लार्कजवळील अशाच एका गावाची दोन चित्रकारांनी काढलेली चित्रे आज उपलब्ध आहेत.

जॉर्ज कॅटलिन १८३२ च्या उन्हाळ्यात तेथे आला. त्याने गाव उंचावरून पाहिले. दाटीने उभी असलेली घरे, छपरांवर निवांत बसलेली माणसे आणि मधले मोकळे पटांगण असा समग्र देखावा त्याने रंगविला. मात्र त्याचे हे प्रसिद्ध तैलचित्र १८३७ ते १८३९ या काळातील आहे. म्हणजेच त्यात प्रत्यक्ष दर्शनाबरोबर स्मृतीचाही भाग आहे.

कार्ल बोडमर हा स्विस चित्रकार राजपुत्र मॅक्सिमिलियन यांच्यासमवेत आला व १८३३-३४ चा हिवाळा त्याने तेथेच काढला. रंग गोठविणाऱ्या थंडीतही त्याने मॅन्डन घराचा अंतर्भाग रेखाटला : चार मुख्य खांब, वरच्या धुराड्यातून उतरणारा प्रकाश, चुलीभोवतीची माणसे आणि घरातच बांधलेले घोडे. कॅटलिनच्या चित्रावरून गावाची रचना कळते. बोडमरच्या चित्रावरून घरातील राहणी कळते.

तिसरी साक्ष स्वतः मॅन्डनांची आहे. मातो-तोपे या प्रमुखाने आपले पराक्रम कातड्यावर, तसेच बोडमरच्या सहवासात कागदावरही चितारले. त्यांत गाव नाही, नदी नाही. आहे ते योद्ध्याचे कर्तृत्व. परक्यांना जे नवलाचे वाटले ते रहिवाशाला नित्याचे होते, आणि त्याला जे जतन करावेसे वाटले ते वेगळेच होते.

१८३७ मध्ये आगबोटीबरोबर आलेल्या देवीच्या साथीत सुमारे सोळाशे मॅन्डनांपैकी दोनशेहूनही कमी वाचले. मातो-तोपेही मृत्यू पावला. त्यामुळे या चित्रांना पुराव्याचे मोल आले. परंतु ती अखेरच्या काही वर्षांची व ठरावीक दृष्टिकोनांची चित्रे आहेत. वाचलेले मॅन्डन पुढे हिदात्सा व अरिकारा यांच्यासह राहिले आणि त्यांचे वंशज आजही फोर्ट बर्थोल्ड येथे आहेत. म्हणून ही चित्रे एका लुप्त समाजाचे स्मारक मानणे योग्य नव्हे. त्या त्या चित्रकाराची जागा, ऋतू व हेतू ध्यानी घेऊनच साधन म्हणून त्यांचा उपयोग करणे इष्ट होय.