गिटारला कॅपो लावला की पट्टी कुठली होते?

नेहमीप्रमाणे या भागातलं बोलणं इथे लिहून ठेवतोय. एसटीत ज्यांचं नेटवर्क जातं, किंवा ज्यांना गिटार मांडीवर घेऊन वाचत वाचत वाजवायचंय, त्यांच्यासाठी. जिथे मी वाजवून दाखवलंय तिथे कंसात तसं लिहिलंय.

आजचा प्रश्न तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलाय. "दादा, कॅपो लावल्यावर जी कॉर्ड जीच राहते का?" उत्तर छोटं आहे: बोटांना ती जी राहते, कानाला राहत नाही. पण एवढं ऐकून समजत नाही. मलाही समजलं नव्हतं, आणि त्यामुळे एका पोरीचं गाणं मी भर स्टेजवर मोडलं. आधी तेच सांगतो.

मी खंडाळ्याचा. लोणावळ्याजवळचं, सिनेमाच्या गाण्यातलं खंडाळा नव्हे बरं का. आमचं सातारा जिल्ह्यातलं. पुण्याहून निघालात की शिरवळ मागे पडतं आणि खंबाटकी घाट चढायच्या आधी लागतं ते. सावित्रीबाई फुल्यांचा जन्म आमच्याच तालुक्यात, नायगावात झाला, ३ जानेवारी १८३१ ला. त्यामुळे ३ जानेवारी जवळ आली की आसपासच्या गावांत कार्यक्रम असतात. अशाच एका कार्यक्रमात नववीतली एक मुलगी गाणार होती आणि गिटारवर मी होतो. आठ-दहा दिवस तालीम केली होती. तिच्या गळ्याला बरं पडावं म्हणून मी तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावायचो आणि जी, सी, डी, ई मायनर या सोप्या कॉर्ड वाजवायचो. सगळं छान बसलं होतं.

कार्यक्रमाच्या दिवशी भजनी मंडळातले एक आण्णा पेटी घेऊन आले. म्हणाले, मी पण साथ करतो. मला आनंदच झाला. त्यांनी विचारलं, "पट्टी कुठली रं?" मी म्हणालो, "जी." त्यांनी मान हलवली, पांढरी पाच धरली आणि सूर दिला. मी गिटार छेडली. आणि जे काही ऐकू आलं ना, ते विचारू नका. (इथे मी गिटार आणि फोनमधली पेटी एकत्र वाजवलीय. कान सांभाळा.)

ती बिचारी आधी पेटीच्या सुरात गायली. खालच्या ओळीला आवाजच पोचेना. मग गिटारकडे वळली. मग थांबली. माईक हातात, समोर गाव बसलेलं, आणि ती माझ्याकडे बघतेय.

चूक कुणाची? माझी. आता कारण बघू.

गिटारच्या मानेवर त्या आडव्या धातूच्या पट्ट्या असतात, त्या फ्रेट. एक फ्रेट पुढे गेलात की सूर एक घर वर चढतो. एक घर म्हणजे पेटीवरची लगेच शेजारची पट्टी, काळी धरून. अशी बारा घरं चढलात की पुन्हा तोच सूर वरच्या सप्तकात येतो. बाराव्या फ्रेटवर तारेची लांबी बरोब्बर निम्मी होते, म्हणून.

कॅपो म्हणजे न दमणारं एक बोट. तो सहाही तारा एकदम दाबून धरतो. साधारण ६५० मिलीमीटर लांबीची तार असेल, तर तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावल्यावर वाजायला सुमारे ५४७ मिलीमीटर उरते. तार आखूड झाली, सूर वर गेला. ए ची मोकळी तार सेकंदाला ११० वेळा कंप पावते. कॅपो तीनवर तीच तार सुमारे १३१ वेळा कंप पावते, म्हणजे ती सी झाली.

आता महत्त्वाचं. सहाही तारा सारख्याच चढल्या, तीन-तीन घरं. त्यामुळे त्यांच्यातलं आपापसातलं अंतर बदललंच नाही. शिडी उचलून तीन विटांवर ठेवली तर पायऱ्यांमधलं अंतर बदलतं का? नाही. पूर्ण शिडी वर जाते. तसंच सा, म, प यांचं नातं तेच राहतं, फक्त सा नवीन जागी जातो. म्हणून तुमची बोटं जुन्याच आकारात ठेवून गाणं नव्या पट्टीत वाजतं. कॅपोची सगळी करामत एवढीच.

बारा सूर एकदा म्हणून घ्या: सी, सी शार्प, डी, डी शार्प, ई, एफ, एफ शार्प, जी, जी शार्प, ए, ए शार्प, बी. आणि पुन्हा सी. ई आणि एफ च्या मध्ये, तसंच बी आणि सी च्या मध्ये काही नाही, हे लक्षात ठेवा. मोजताना बहुतेक चुका तिथेच होतात.

आता मी वाजवत होतो ते मोजू. जी पासून तीन घरं वर: जी शार्प, ए, ए शार्प. म्हणजे माझी बोटं जी च्या आकारात, पण बाहेर येणारा सूर ए शार्प. सी चा आकार डी शार्प वाजत होता, डी चा एफ, आणि ई मायनरचा जी मायनर. आण्णा जी मध्ये होते, मी ए शार्पमध्ये. दोघांच्या मध्ये तीन घरांची दरी, आणि त्या दरीत ती मुलगी.

आपल्याकडे पेटीवाले सी, डी म्हणत नाहीत, काळी-पांढरी म्हणतात. मेळ सोपा आहे. पांढरी एक म्हणजे सी, दोन डी, तीन ई, चार एफ, पाच जी, सहा ए, सात बी. काळी एक म्हणजे सी शार्प, दोन डी शार्प, तीन एफ शार्प, चार जी शार्प, पाच ए शार्प. हे फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवा. भजनात, लग्नात, गॅदरिंगमध्ये पेटीवाल्याशी बोलताना हेच चालतं. म्हणजे त्या दिवशी मी सांगायला हवं होतं, "आण्णा, काळी पाच." बास. दोन शब्द.

गाणं थांबल्यावर आण्णा चिडले नाहीत. मला म्हणाले, "कॉर्ड धर." मी धरली. त्यांनी पेटीवर दोन-तीन पट्ट्या चाचपल्या आणि काळी पाचवर बोट थांबलं. म्हणाले, "तू बोटं कुठं ठेवलीत ते सांगितलंस. मी आवाज विचारला होता."

मंडळी, या भागातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर ते हे. कॅपो लावलेल्या गिटारवरच्या कॉर्डला दोन नावं असतात. एक बोटांचं, एक कानाचं. एकटे वाजवताय, बोटांचं नाव पुरतं. दुसऱ्या कुणाबरोबर वाजवताय, तर कानाचं नाव सांगा. पट्टी म्हणजे कानाचं नाव.

नेटवर कॉर्ड शोधता तेव्हा वर "कॅपो २" आणि खाली जी, सी, डी असं दिसतं ना? तिथे बहुतेक वेळा बोटांची नावं दिलेली असतात. खरं गाणं दोन घरं वर, ए मध्ये असतं. मित्राकडे कॅपो नसेल तर त्याने ए, डी, ई वाजवायच्या आणि तुम्ही कॅपो दोनवर जी, सी, डी. दोन्ही गिटारी एकाच पट्टीत बोलतील, आणि आकार वेगळे असल्यामुळे जास्त भरदार वाटतील. (इथे दोन गिटारी एकत्र वाजवल्यात.)

बीटल्सचं "हिअर कम्स द सन" ऐका, १९६९ चं. जॉर्ज हॅरिसनने त्यात सातव्या फ्रेटवर कॅपो लावलाय आणि बोटं डी च्या आकारात आहेत. डी पासून सात घरं मोजा. ए येतो. ए साध्या आकारातही वाजवता आला असता, पण ती चमक आली नसती. म्हणजे कॅपो नुसता सोपेपणासाठी नसतो, आवाजाच्या पोतासाठीही असतो. मात्र जितकं वर जाल तितका आवाज बारीक होत जातो, म्हणून साथीला मी शक्यतो पाचच्या पुढे जात नाही.

आता उलटा प्रश्न. गाणं जी मध्ये आहे आणि गाणाऱ्याला खाली, एफ मध्ये हवंय. कॅपो खाली नेत नाही, तो फक्त वर चढवतो. मग काय? आकार बदलायचा. ई चा आकार घेऊन कॅपो एक, किंवा डी चा आकार घेऊन कॅपो तीन, किंवा सी चा आकार घेऊन कॅपो पाच. तिन्हीकडे एफच येतो. मोजून बघा.

म्हणजे क्रम असा ठेवा. पहिलं, गाणाऱ्याला विना गिटार गाऊ द्या. सगळ्यात खालची आणि सगळ्यात वरची ओळ नीट येतेय का बघा. दुसरं, गाणं जिथे येऊन विसावतं तो सूर, म्हणजे सा, धरायला सांगा आणि फोनवरच्या ट्यूनरमध्ये बघा कुठला दिसतो. ट्यूनर क्रोमॅटिकवर ठेवा, गिटारवर नको. तिसरं, तुम्हाला सोपा वाटणारा आकार घ्या आणि त्यापासून त्या सुरापर्यंत वर मोजा. जो आकडा येईल तो कॅपोचा फ्रेट. काळी चार हवी? जी चा आकार, कॅपो एक. किंवा ई चा आकार, कॅपो चार. काळी एक हवी? सी चा आकार, कॅपो एक. किंवा ए चा आकार, कॅपो चार.

आणि कॅपो फ्रेटच्या अगदी मागे, चिकटून लावा. फार मागे लावला तर तारा खरखरतात, फार घट्ट लावला तर सूर चढतो. लावल्यावर पुन्हा एकदा सूर तपासा. कॅपो तीनवर जाड तारेकडून बारीक तारेकडे जी, सी, एफ, ए शार्प, डी, जी दिसायला हवेत.

जाता जाता एक. आपल्या भागात मिरजेत सतार आणि तंबोरे बनतात. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे पुरुषी तंबोरा वेगळा आणि बायकी वेगळा बनतो, कारण गळे वेगळे असतात. आधी गळा, मग वाद्य. आपण गिटारवाले उलटं करतो. आपल्याला येणाऱ्या कॉर्डमध्ये दुसऱ्याला गायला लावतो. आपली चार कॉर्डची सोय न सोडता तिच्या गळ्यापाशी जाता यावं, म्हणून कॅपो.

त्या दिवशी भाषणं झाल्यावर आण्णांनीच निवेदकाला सांगून तिला परत बोलावलं. ती यायला तयार नव्हती. आण्णांनी काळी पाच धरून ठेवली, नुसती, बराच वेळ. मी तोच सूर दिला. वेळ संपत आला होता, म्हणून एकच कडवं झालं. पण खालची ओळ नीट आली, वरचीही आली. उतरताना ती मला म्हणाली, "दादा, पुढच्या वेळी आधी पट्टी सांगा." तेव्हापासून कॅपो लावला की मी पहिल्यांदा तेच करतो.

या आठवड्याचा गृहपाठ: तुम्हाला येणारं एक गाणं घ्या, कॅपो चारवर लावा, आणि प्रत्येक कॉर्डचं कानाचं नाव आणि काळी-पांढरीतलं नाव लिहून मला पाठवा. चुकलं तरी पाठवा. भेटू पुढच्या भागात!