डोंगर हिरवा, माती गरीब

पावसाळ्यात सह्याद्रीच्या एखाद्या घाटातून तुम्ही प्रवास केला असेल, तर डोंगरांची हिरवाई पाहून तुमचे डोळे निवले असतील. इतका पाऊस आणि इतकी झाडी, म्हणजे इथली माती किती कसदार असेल, असेही तुमच्या मनात आले असेल. पण जव्हार-मोखाड्याकडच्या एखाद्या पाड्यावर जाऊन शेतकऱ्याला विचारा. डोंगरउतारावर नाचणी घेतली, तर दोन-तीन पिकांतच जमिनीचा कस उतरतो आणि पुढे काही वर्षे ती पड टाकावी लागते, असे तो सांगेल. उलट सोलापूरकडे पाऊस बेताचा आणि डोंगर उघडे. तरीही तिथल्या काळ्या रानात पिढ्यानपिढ्या ज्वारी पिकत आली आहे. असे का बरे व्हावे?

आणखी एक नवल पाहा. या दोन्ही ठिकाणचा मूळ खडक एकच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून बाहेर पडलेल्या लाव्हारसाचे थरावर थर साचले. ते थिजून बनलेल्या खडकाला बेसॉल्ट म्हणतात, आणि आपण त्याला काळा पाषाण म्हणतो. मग एकाच खडकाची माती एका जागी काळी व दुसऱ्या जागी तांबडी कशी झाली?

हा फरक केला पाण्याने. पुण्याला वर्षाकाठी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक. एवढे पाणी मातीतून झिरपते, तेव्हा ते विरघळणारे क्षार सोबत घेऊन जाते. पालाश, चुना, मॅग्नेशियम ही वनस्पतींची अन्नद्रव्ये अशी धुऊन जातात. या क्रियेला निक्षालन म्हणतात. हजारो वर्षे हे चालू राहिले, की सिलिकासुद्धा हळूहळू निघून जाते. मागे राहतात ती लोखंडाची व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे. लोखंडाच्या ऑक्साइडाचा रंग तुम्हाला ठाऊकच आहे, तो गंजाचा रंग! म्हणून ही माती तांबडी. तिचाच घट्ट झालेला भाऊ म्हणजे कोकणातला जांभा दगड. फ्रान्सिस बुकानन याने मलबारात हा दगड पाहिला आणि १८०७ मध्ये त्याला ‘लॅटेराइट’ असे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लॅटर’ म्हणजे वीट.

मातीत आणखी एक फरक पडतो. चिकणमातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण विद्युत्भार असतो. त्यामुळे ते पालाश, चुना यांचे धनभारित कण धरून ठेवतात. काळ्या मातीच्या कणांची ही धारणशक्ती फार मोठी असते, तर धुपून-धुवून निघालेल्या तांबड्या मातीची अगदी थोडी. काळी माती म्हणजे धान्याने भरलेली कणगी म्हटली, तर तांबडी माती म्हणजे चाळण!

मग या चाळणीवर एवढे जंगल कसे उभे राहते? उत्तर सोपे आहे. तिथे अन्नद्रव्यांचा साठा जमिनीत फारसा नसतो, तो झाडांच्या अंगात असतो. पान गळते आणि उबदार, दमट हवेत लवकर कुजते. त्यातून सुटलेली अन्नद्रव्ये मुळे लगेच शोषून घेतात. मातीत ती रेंगाळतच नाहीत. झाडे तोडली, की हे चक्र तुटते आणि पावसाला मोकळे रान मिळते.

डोंगरातल्या शेतकऱ्याने हे पुस्तकात वाचले नव्हते, पण त्याची सगळी शेती याच जाणिवेवर उभी राहिली. गावाची जमीन वरून खाली पाहत या. वर सडा किंवा जंगल. त्याखाली उताराची वरकस जमीन. तिथे एक वर्ष नाचणी, पुढच्या वर्षी वरी, मग खुरासणी किंवा तीळ, आणि नंतर काही वर्षे पड. पडीच्या काळात झुडपे वाढतात आणि खोलवरची अन्नद्रव्ये मुळांवाटे वर आणतात. सर्वांत खाली भाताची खाचरे. वरून वाहून आलेला गाळ बांध घालून तिथे अडवलेला असतो. खाचरात साचलेले पाणीही उपयोगी पडते. पाण्याखाली हवा मिळेनाशी झाली, की तांबड्या मातीतील लोहाचे रूप बदलते आणि लोहाने अडकवून ठेवलेले स्फुरद भाताच्या मुळांना मिळू लागते.

आता राबाकडे वळू. एप्रिल-मे महिन्यांत घाटमाथ्यावर व कोकणात शेतांमध्ये काळे चौकोन दिसतात. भाताची रोपे तयार करण्यासाठी तिथे जमीन भाजलेली असते. आधी शेण, त्यावर ऐन-किंजळासारख्या झाडांच्या छाटलेल्या फांद्या, त्यावर पातेरा व गवत आणि सर्वांत वर मातीचा पातळ थर. मग वारा ज्या दिशेला जातो, त्या बाजूने राब पेटवतात. त्यामुळे आग भरकन पळत नाही, सावकाश सरकते आणि जमीन चांगली तापते. पावसाच्या सुरुवातीला तिथे बी पेरतात आणि तीन-चार आठवड्यांनी रोपे उपटून चिखलणी केलेल्या खाचरात लावतात.

याने काय साधते? राखेतून पालाश, चुना व थोडे स्फुरद मिळते. तणांचे बी जळून जाते. शिवाय नुसत्या उष्णतेचाही परिणाम होतो. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे रसेल व हचिन्सन यांनी १९०९ मध्ये दाखवून दिले, की तापवलेल्या मातीत पिकाला मिळणारे नत्र वाढते. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी जोशी व कानिटकर यांच्यासह राबाचाच अभ्यास करून तो १९१२ मध्ये प्रसिद्ध केला. अडाणीपणाची म्हणून हिणवली जाणारी ही रीत शास्त्रज्ञांनाही अभ्यासावीशी वाटली, हे ध्यानात ठेवा.

परंतु हिशेबाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जाळताना पाल्यातील बरेचसे नत्र व गंधक धुरावाटे उडून जाते. रोपांची जागा भातशेताच्या सुमारे एक दशांश, पण तिच्यासाठी पाला गोळा करावा लागतो तो कितीतरी पट मोठ्या रानातून. म्हणजे डोंगराची वर्षाची कमाई एका लहान चौकोनात आणून खर्च केली जाते. डोंगर मोठा, वस्ती थोडी आणि पड लांब होती, तोवर ही जमा-खर्चाची तोंडमिळवणी होत असे. पुढे १८७८ च्या वन कायद्याखाली जंगलाचे मोठे भाग राखीव झाले, वस्ती वाढली आणि पडीची वर्षे कमी होत गेली. दरवर्षी ओरबाडलेली झाडे खुंटली, उघड्या उताराची माती ओढ्यात गेली. चूक एकट्या राबाची नाही, पण भाजल्याशिवायही धडधाकट रोपे वाढवता येतात. म्हणून पर्याय हवेत. गादीवाफ्यावर भाताच्या तुसाची राख घालून रोपे वाढवणे आणि बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला जाळण्याऐवजी खाचरात गाडणे, असे उपाय काही शेतकरी करीत आहेत. पाला गाडला, तर त्यातले नत्र शेतातच राहते.

निक्षालन तुम्हाला घरीही पाहता येईल. गाळणकागद हळदीच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवा. तळाला बारीक भोके पाडलेल्या डब्यात खाली कापडाचा तुकडा घालून त्यावर वाटीभर लाकडाची राख ठेवा. वरून पेलाभर पाणी ओता आणि खाली झिरपलेल्या पाण्याचा एक थेंब हळदीच्या कागदावर टाका. कागद तांबडा होईल, कारण राखेतले अल्कधर्मी क्षार पाण्यात उतरले. (हे पाणी बोटांना वा डोळ्यांना लागू देऊ नका.) असेच एकामागून एक पेले ओतत जा आणि दर वेळी कागद तपासा. लाली कमी कमी होत जाईल.

तुम्ही ओतलेत ते आठ-दहा पेले. सह्याद्रीच्या उतारावर पाऊस दर वर्षी चार महिने पाणी ओततो. त्या पाण्याबरोबर डोंगराची शिदोरी किती वाहून जाईल, हे झाडे किती राहिली यावर ठरते.