राणीबागेचा बेत

डोंबिवलीहून राणीबागेला जायचं तर पहिली चौकशी मेगाब्लॉकची. रविवारी मध्य रेल्वेवर दुरुस्तीचं काम निघालं की गाड्या उशिरा, गर्दी दुप्पट, आणि भायखळ्याला उतरेपर्यंत पोरांचा निम्मा उत्साह वाटेतच सांडलेला. म्हणून आम्ही शनिवार धरतो. बुधवारी बाग बंद असते हे मुंबईकराला पाठ असतं. पण बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग उघडी राहते आणि गुरुवारी बंद, हे पुष्कळांच्या ध्यानात नसतं. अशा एखाद्या गुरुवारी बंद फाटकापाशी ताटकळणारी, पिशवीतले डबे सांभाळणारी माणसं मी पाहिली आहेत.

मग तिकिटाचं गणित. २०१७ साली दर वाढले तेव्हा मोठ्यांना ५० रुपये, ३ ते १५ वर्षांच्या मुलांना २५ आणि आई-वडील व दोन मुलं अशा चौघांना मिळून १०० असं ठरलं. महापालिकेच्या लेखी कुटुंब चौघांचं. आमच्यात माझी आई, ताई, भाऊजी, दोन भाचे आणि मी मामा. म्हणजे एक कौटुंबिक तिकीट आणि उरलेल्यांची सुटी. खिडकीपाशी हा हिशेब मांडत बसलं की मागची रांग बोलायला लागते, तेव्हा सुटे पैसे आणि माणसांची वाटणी गाडीतच करून ठेवावी.

बेताचा खरा गाभा वेळेत आहे. बाग साडेनऊला उघडते आणि फाटकाशी तेव्हाच उभं राहणं फायद्याचं, कारण वाघ-बिबट्यांची जात पहाटे आणि तिन्हीसांजेला जागी असणारी. सकाळी पिंजऱ्याच्या कडेने फेऱ्या मारणारा वाघ ऊन चढलं की सावलीत आडवा होतो, आणि मग काचेपलीकडे पाठ नाहीतर शेपटीचं टोक. तरस तर रात्रीचंच जनावर. आमच्या मोठ्या भाच्याला त्याचं हसणं ऐकायचं होतं. ते बिळाच्या तोंडाशी घोरत पडलेलं. म्हणून आम्ही आधी थेट मोठ्या मांसाहारी प्राण्यांकडे जातो, वाटेतली हरणं परतताना. पाणघोड्याला घाई नको. उन्हाने त्याची कातडी सुकते, त्यामुळे तो दिवसभर पाण्यातच असतो. कान, डोळे आणि नाकपुड्या एवढंच वर. जरा वेळ उभं राहिलं तर तो श्वासासाठी वर येतो. मुलांना घाई असते आणि पाणघोड्याला अजिबात नसते. या ओढाताणीत मोठ्यांनी पाणघोड्याची बाजू घ्यावी.

पेंग्विनची रांग हा वेगळा विषय. जुलै २०१६मध्ये दक्षिण कोरियाहून हे हम्बोल्ट पेंग्विन आले आणि मार्च २०१७पासून लोकांना दिसू लागले. तेव्हापासून बागेतली निम्मी गर्दी तिथेच वळते. आत गार, बाहेर मुंबईचा घाम, त्यामुळे आत शिरलेला माणूस निघायला तयार नसतो आणि सुरक्षारक्षक ‘चला, चला, पुढे सरका’ करत असतात. धाकट्याचा पहिला प्रश्न: ‘‘मामा, बर्फ कुठंय?’’ बर्फ नाहीच. हे पेंग्विन पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तिथे समुद्रातून थंड प्रवाह वाहतो, किनारा मात्र खडकाळ आणि कोरडा. त्यांच्यासाठी आतलं तापमान १६ ते १८ अंशांच्या आसपास ठेवतात. एवढी माहिती घरीच सांगून ठेवली तर पोरं बर्फ शोधायचं सोडून पोहणं बघतात. बघण्यासारखं तेच आहे. जमिनीवर डुलतडुलत चालणारा हा पक्षी पाण्यात पंखांनी अक्षरशः उडतो. ही रांग लवकर, दुसऱ्या क्रमांकावर उरकावी. अकरानंतर शाळांच्या सहलीच्या बसेस आल्या की ती हलत नाही.

आणि मग झाडं. माझं स्पष्ट मत आहे की राणीबाग ही आधी बाग आहे. १८६२ साली ती वनस्पतिउद्यान म्हणून खुली झाली, प्राणी नंतर आले. इथे आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच आहे. तिचा बुंधा मुलांनी हाताला हात धरून कवेत घ्यायचा प्रयत्न करावा आणि हरावं. उर्वशी आहे, फुलली की लालपिवळ्या फुलांचे घोस झुंबरासारखे खाली लोंबतात. आई साधारण इथवर येते आणि बाकावर बसकण मारते. ‘‘तुम्ही फिरा, मी इथे बरी आहे.’’ गुडघे दुखणाऱ्या माणसाची सोय हाही बेताचाच भाग. तिच्याजवळ पाण्याच्या बाटल्या, पिशव्या आणि एक चार्ज केलेला फोन ठेवून बाकीच्यांनी फिरावं. बागेच्या पुनर्विकासात ही झाडं जातील म्हणून काही मुंबईकर बायांनी वर्षानुवर्षं लढा दिला होता. त्या बाकावर बसलं की त्यांचे आभार मानावेसे वाटतात.

डब्यात दशम्या आणि सुकी चटणी. रस्सा नको, दही नको. कुठे बसून खाता येईल ते फाटकावरच विचारून घ्यावं. प्राण्यांना खायला देणं, डिवचणं, कचरा टाकणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे मुलांना सांगायचंच, पण आधी भाऊजींना. माकडासमोर शेंगदाण्याची पुडी सोडायचा मोह पोरांपेक्षा मोठ्यांना अधिक होतो.

चुकामूक झाली तर भेटायची जागा आधी ठरवावी. आमची ठरलेली जागा म्हणजे भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळचा दगडी हत्ती. घारापुरीला पोर्तुगीजांनी ‘एलिफंटा’ म्हटलं ते याच्यामुळे. १८६४मध्ये इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो पडून फुटला आणि तुकडे इथे आणून पुन्हा जोडले. जवळच सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा आहे, म्हणजे मूळचा काळा घोडा. १९६५ साली तो फोर्टातून इकडे हलवला. दोघेही दुपारी झोपत नाहीत, पाठ फिरवत नाहीत आणि त्यांच्यासाठी रांग नाही. मुलांच्या खिशात घरच्या फोन नंबरची चिठ्ठी मात्र ठेवावीच.

दीडच्या सुमारास धाकटा कडेवर येतो. तेव्हा बाहेर पडावं. अस्वल राहिलं, मगर राहिली, मोठ्या पक्षिगृहातला पूल राहिला अशी यादी कोणीतरी वाचायला लागतं; तिकडे लक्ष देऊ नये. पैसे वसूल करण्यासाठी रडतं पोर उन्हात ओढत फिरवण्याची जागा ही नव्हे. तिकीट ५० रुपयांचं आहे, राहिलेलं पुढच्या खेपेला बघा.