संज्ञा, पद्धती आणि परीक्षा : चेकेत्तीच्या बॅले-शिक्षणाचा विचार

अभिजात बॅले ही प्रत्यक्ष दाखवून शिकविण्याची विद्या आहे. गुरू हालचाल करून दाखवितो, शिष्य तिचे अनुकरण करतो. परंतु अशा विद्येची श्रेणीवार परीक्षा घ्यावयाची म्हटली, की परीक्षकाने उच्चारलेल्या संज्ञेचा अर्थ सर्व परीक्षार्थी एकच समजतात काय, हा प्रश्न उपस्थित होतो. एन्रिको चेकेत्ती (१८५०–१९२८) या इटालियन नर्तक-शिक्षकाची पद्धती या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

चेकेत्ती हा जोव्हान्नी लेप्रीचा शिष्य, आणि लेप्री कार्लो ब्लासिसचा. सेंट पीटर्सबर्ग येथे १८९० साली ‘स्लीपिंग ब्यूटी’च्या पहिल्या प्रयोगात दुष्ट परी काराबोस आणि नील पक्षी अशा दोन्ही भूमिका चेकेत्तीनेच केल्या. पाव्हलोव्हा, निजिन्स्की व कार्साव्हिना यांना त्याचे शिक्षण लाभले. पुढे तो लंडनमध्ये शिकवीत असता सिरिल बोमंट व स्तानिस्लास इद्झिकोव्स्की यांनी त्याची पद्धती ग्रंथबद्ध केली. हा ग्रंथ १९२२ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी चेकेत्ती सोसायटी स्थापन झाली आणि १९२४ साली ती नृत्यशिक्षकांच्या इंपीरियल सोसायटीत समाविष्ट झाली. मुखपरंपरेला लिखित संहिता मिळाली, आणि परीक्षेला प्रमाण मिळाले.

या पद्धतीत आठवड्यातील प्रत्येक वारास विशिष्ट अभ्यास नेमून दिलेला आहे. सोमवारी असांब्ले, मंगळवारी पती बात्माँ, बुधवारी राँ द जांब, असा हा क्रम चालतो. त्यामुळे शिक्षकाच्या आवडीनिवडीने एखादे अंग दुर्लक्षित राहत नाही.

संज्ञांचा विचार मात्र अधिक सूक्ष्मपणे करावा लागतो. बॅलेची परिभाषा सर्वत्र फ्रेंच असली, तरी तिचा अर्थ सर्वत्र समान नाही. चेकेत्ती पद्धतीत आराबेस्कचे पाच प्रकार मानतात. लेनिनग्राड येथे १९३४ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या आग्रिप्पिना वागानोव्हाच्या पद्धतीत चार. मस्तकावर वर्तुळाकार धरलेल्या बाहूंना चेकेत्ती ‘पाचवी’ स्थिती म्हणतो, वागानोव्हा ‘तिसरी’. प्रेक्षकांसमोरील दिशेचा क्रमांक पहिल्या पद्धतीत पाच, तर दुसरीत एक आहे. संज्ञेचे मूल्य तिच्या व्यवस्थेतील इतर संज्ञांशी असलेल्या संबंधावरून ठरते, हा सोस्यूरचा सिद्धान्त येथे प्रत्यक्ष दिसतो. म्हणूनच परीक्षा ही नेहमी एका विशिष्ट पद्धतीचीच असते; सर्वसाधारण बॅलेची परीक्षा संभवत नाही.

तथापि संहिता निश्चित झाली, की पाठांतराचा धोका उद्भवतो. नेमलेले पाठ वर्षभर घोटून उत्तीर्ण होणारा विद्यार्थी नृत्य शिकला असे निश्चयाने म्हणता येत नाही. हा धोका परीक्षा-संस्थांनीही ओळखलेला दिसतो. १९२० साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या आणि आज रॉयल अकॅडमी ऑफ डान्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या व्यावसायिक श्रेणींत परीक्षक एक अपरिचित पदमालिका आयत्या वेळी सांगतो, आणि परीक्षार्थीला ती लगेच करून दाखवावी लागते. येथे केवळ स्मरणशक्ती पुरेशी होत नाही. प्रत्येक संज्ञेचे व्यवस्थेतील स्थान समजलेले असावे लागते. व्याकरणाचे नियम मुखोद्गत असणे निराळे, आणि पूर्वी कधी न ऐकलेले वाक्य ऐकताक्षणी समजणे निराळे. परीक्षेने यांपैकी दुसरी गोष्ट पारखली, तरच संहिता ही विद्येची संरक्षक ठरते.